आकृती क्रमांक सात

हरमलच्या विनिताचं पत्र येऊन अकरा महिने होत आले होते, आणि गोकुळदास मास्तरांनी अजून त्याला उत्तर लिहिलं नव्हतं. पत्र हरवलं असतं तर बरं झालं असतं, असं त्यांच्या मनात कितीदा तरी येऊन गेलं. पण डिचोलीजवळ मुळगावच्या त्या घरात पुस्तकांना भिंती पुरत नव्हत्या, तरी आजवर एक चिटोरा हरवला नव्हता. हे पत्र शब्दकोशाच्या दुसऱ्या खंडात ठेवलेलं होतं. शब्दकोश मास्तरांना रोज लागायचा. म्हणून अलीकडे ते शक्यतो पहिल्या खंडात सापडतील असेच शब्द शोधत.

पत्राबरोबर एक खोकंही आलं होतं. ते कपाटावर होतं, आणि त्याची अडचण अशी, की मास्तर आरामखुर्चीत टेकले की नजर नेमकी तिथंच जाई. मग त्यांनी खुर्ची फिरवून घेतली. त्यामुळे वाचताना उजेड पाठीमागून यायला लागला आणि स्वतःचीच सावली पानावर पडायला लागली, तरी त्यांनी ती पुन्हा सरळ केली नाही.

पत्र त्यांना आता पाठ झालं होतं.

"आदरणीय मास्तर यांस, सादर नमस्कार. मी हरमलला राहते. आमच्याकडे पर्यटकांसाठी चार खोल्या आहेत. मागच्या मोसमात एक परदेशी कुटुंब जाताना हा खेळण्यातला रोबो विसरून गेलं. हा फक्त सरळ चालतो आणि सोप्याची कड आली की खाली पडतो. त्याचा एक हात असाच मोडला. आमच्या वाचनालयात तुमचं पुस्तक आहे. त्यात अशा रोबोला कड ओळखणारा डोळा कसा बसवायचा ते दिलं आहे, म्हणून मी करायला घेतलं. सगळं सामान म्हापशाहून आणलं. आकृती क्रमांक सात बघून जोडलं. सेल घालताच मोटर ड्रायव्हरची पट्टी जळली. दुसरी आणली, तीही जळली. पट्टीवर अधिक आणि वजाच्या खुणा तुमच्या आकृतीच्या उलट छापलेल्या होत्या. पण पट्टीवरच्या छपाईवर विसंबू नका असं तुम्ही लिहिलं आहे, म्हणून मी आकृतीप्रमाणेच जोडलं. माझं नक्की काय चुकलं एवढंच सांगा. मी गावातले पंखे, मिक्सर, किनाऱ्यावरच्या शॅकवाल्यांचे दिवे दुरुस्त करते. कुठे शिकले नाही, बघून बघून जमलं. आजवर माझ्या हातून काही जळलं नव्हतं. रोबो सोबत पाठवते. उत्तराची वाट बघते. आपली, विनिता."

अक्षर मोठं, गोल, सांभाळून काढलेलं. बहुतेक आधी कच्चं लिहून मग पक्कं केलेलं. मास्तर स्वतः तसंच करत, म्हणून त्यांना ते कळलं.

आणि दुसरीही एक गोष्ट त्यांना पहिल्याच वाचनात कळली होती. 'उलट' या शब्दापाशी येताच त्यांनी पत्र खाली ठेवलं होतं. काहीतरी आपलंच चुकलंय. काय ते नीट उमगलं नव्हतं, पण चुकलंय. त्या दिवशी ते उठले असते, पुस्तक काढून एक पट्टी शेजारी ठेवून बघितलं असतं, तर दहा मिनिटांत निकाल लागला असता. पण तपासलं की कळणार, आणि कळलं की लिहावं लागणार. न तपासता ठेवलं तर निदान 'कदाचित' म्हणायला जागा राहत होती. पहिला महिना त्यांनी त्या जागेत काढला. दुसऱ्या महिन्यात उत्तराला उशीर झाल्याची लाज वाटायला लागली, आणि तिसऱ्यापासून मूळ चुकीपेक्षा ती लाजच मोठी झाली.

तसे मास्तर कधीच धीट नव्हते. बत्तीस वर्षं हायस्कुलात विज्ञान शिकवलं, पण स्टाफरूममध्ये त्यांचा आवाज कुणी ऐकला असेल तर तो "खडू संपलेत" एवढाच. निवृत्तीनंतर गावोगावच्या वाचनालयांसाठी एक पुस्तक लिहून द्या म्हणून जुन्या विद्यार्थ्यांनी गळ घातली, तेव्हा ऐंशी पानांना त्यांनी चार वर्षं घेतली. पुस्तकाचं नाव 'खेळण्यांना नवे अवयव'. बाजारात मिळणारी साधी चालणारी-बोलणारी खेळणी घ्यायची आणि त्यांना सेन्सर, दिवे, घंटा बसवून शहाणं करायचं. हस्तलिखितात दर दोन ओळींना 'बहुधा', 'शक्यतो', 'माझ्या अल्प माहितीप्रमाणे' असं होतं. मुद्रितं तपासणारा म्हणाला, "मास्तर, हातात तापलेलं सोल्डरिंग आयर्न धरून उभ्या राहिलेल्या माणसाला 'बहुधा' सांगून कसं चालेल? ठणकावून सांगा." मास्तरांना ते पटलं. त्यांनी बसून सगळे 'बहुधा' खोडले. त्या भरात एक नवीन वाक्यही घातलं: 'स्वस्त पट्ट्यांवरच्या छपाईवर विसंबू नये, आकृती क्रमांक सातप्रमाणेच जोडणी करावी.' सबंध आयुष्यात इतकं ठणकावून त्यांनी दुसरं काही म्हटलं नसेल.

त्या रविवारी सकाळी सुदेश आला नसता, तर अकराचे बारा महिने झाले असते.

सुदेश त्यांचा विद्यार्थी. आता पेडण्याच्या बाजूला शाळेत शिकवतो, आणि तिथल्या वाचनालयाचा कार्यवाह आहे. स्कूटर अंगणात लावून तो आत आला तेव्हा मास्तर अंघोळीनंतर जरा पडले होते. अलीकडे अंघोळ केली तरी त्यांना दम लागायचा.

"मास्तर, झोपमोड केली?"

"नाही रे. बस."

"बसायला नाही आलो, पळायचंय. तुमचं पुस्तक संपलं."

"संपलं म्हणजे?"

"प्रती संपल्या. तीनशेच्या तीनशे. पुन्हा छापायचं ठरलंय. काही दुरुस्त्या असतील तर महिनाअखेरपर्यंत द्या. नसतील तर आहे तसं छापतो."

मास्तरांची नजर कपाटाकडे जायला निघाली, ती त्यांनी खिडकीच्या चौकटीवर थांबवली. चौकटीवर खाणीच्या रस्त्याची लाल धूळ बसली होती. "तशा काही... बघतो," ते म्हणाले.

तेवढ्यात त्यांच्या पत्नी, पद्मावती, चहा आणि पाववाल्या पोदेराने सकाळी दिलेले उंडे घेऊन आल्या. त्या मूळच्या पेडण्याच्या. लग्नाला अठ्ठेचाळीस वर्षं झाली तरी माहेरची बोली त्यांनी सोडली नव्हती, आणि माहेरकडचं कुणी आलं की ती दुप्पट जोरात यायची.

"पळतंस खय रे? बस, उंडो खा. घरची माणसा बरी आसत मा?"

"बरी आसत काकी. हल्ली वाचनालयाच्या मागे आहे. बायांसाठी दुरुस्तीचा वर्ग काढतोय. इस्त्री, पंखे, मिक्सर, घरातली विजेची लहानसहान कामं. पंधरा नावं आली, पण आता शिकवणारीच नाही म्हणते."

"कोण ती?"

"हरमलची. विनिता म्हणून आहे. अर्ध्या गावाची यंत्रं तिच्या हातची. आधी एका पायावर तयार होती, आता एकदम नाही म्हणते. घरी आलेले मिक्सरसुद्धा परत पाठवते."

मास्तरांनी कप तसाच बशीत ठेवला.

"कशाक?" पद्मावतींनी विचारलं.

"एक खेळणं करायला घेतलं होतं म्हणे, ते दोनदा जळलं. मग कुणातरी जाणत्या माणसाला पत्र लिहून विचारलं, माझं काय चुकलं. त्याने उत्तरच दिलं नाही. आता तिने मनात धरलंय, की चूक इतकी ढोबळ असणार, की त्या माणसाला सांगायचीसुद्धा लाज वाटली. म्हणते, मी बायांना काय शिकवू, उद्या कुणाच्या घरात आग लावीन."

"कोण तो जाणतो?"

"नाव सांगत नाही. म्हणते, मोठी माणसं आहेत, त्यांना कामं असतात." सुदेशने उंड्याचा तुकडा चहात बुडवला. "महिनाअखेरपर्यंत वाट बघणार. मग म्हापशाचा एकजण आहे, त्याला बोलावू. पण बाया त्याच्यासमोर तोंड उघडणार नाहीत. आणि ही एकदा बसली की बसली, पुन्हा हातात पेचकस धरणार नाही."

सुदेश गेला. स्कूटरचा आवाज वळणापलीकडे विरला. मग पद्मावतींनी कपबशा गोळा करता करता, मान वर न करता विचारलं, "ताच मा ता खोका?"

"कुठला?"

"हो बघ! वर्सभर कदेल फिरवून बसल्यात, माका काय दिसत नाय?"

मास्तर खुर्चीत मागे टेकले. त्यांना फार थकल्यासारखं वाटत होतं. ती नाव सांगत नाही, हे त्यांना सगळ्यात जास्त लागलं होतं. तिने सांगितलं असतं, चारचौघांत नावं ठेवली असती, तर निदान फिट्टंफाट झाली असती.

दुसऱ्या दिवशी सकाळी नऊच्या सुमारास, पूर्वेच्या जनेलातून मेजावर चांगलं ऊन आलं, तेव्हा ते स्टुलावर चढायला निघाले. पद्मावतींनी त्यांना बाजूला सारलं आणि खोकं स्वतः उतरवलं. "पडलात तर मी कोणाक हाक मारू?"

खोक्यात वर्तमानपत्रात गुंडाळलेला रोबो होता. वीतभर उंच, निळा, डावा हात कोपरापासून तुटलेला. तुटका हात फेकून न देता तिने पाठीला दोऱ्याने बांधून ठेवला होता. तळपायांत दोन लहान चाकं आणि प्रत्येक चाकाला वेगळी मोटर. पोटाचं झाकण मास्तरांनी उघडलं. आतलं काम बघून ते चष्मा पुसून पुन्हा बघायला लागले. तारा एका मापाने कापलेल्या, वळणावर दोऱ्याने बांधलेल्या. सोल्डरचे टाके बारीक, चकचकीत, एकही फुगलेला नाही. पायाशी, पुढच्या बाजूला, कड ओळखणारा सेन्सर अगदी बेताच्या उंचीवर बसवलेला. खाली जमीन दिसते आहे तोवर दोन्ही चाकं पुढे फिरायची. जमीन दिसेनाशी झाली की एक चाक उलटं, म्हणजे रोबो जागच्या जागी वळायचा. सगळं होतं. फक्त मोटरींना ताकद देणारी ड्रायव्हरची पट्टी, बोटाच्या पेराएवढी, काळी पडलेली होती.

"हाताक वळण आसा पोरीच्या," पद्मावती वाकून बघत म्हणाल्या. त्यांना त्यातलं काही कळत नव्हतं, पण शिवण कळत होती.

मास्तरांच्या बिस्किटांच्या डब्यात जुन्या कामातल्या तशाच दोन पट्ट्या उरल्या होत्या. त्यांनी पुस्तक काढलं, एकेचाळिसावं पान उघडून त्यावर अडकित्ता ठेवला आणि ठरवलं, की आज आपण हे पुस्तक लिहिलेलं नाही. आपण हरमलला राहतो. आपल्याला कुणी शिकवलेलं नाही. पुस्तकात जे आहे तेच करायचं.

ठरवणं सोपं होतं. हात ऐकेनात. मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेनंतर जवळचं दिसायला भिंग लागायचं, आणि भिंग धरलं की तार धरायला हात उरत नसे. शेवटी पद्मावतींनी भिंग धरलं. पहिला टाका तीनदा सुटला. चौथ्या वेळी आयर्नचं टोक अंगठ्याला लागलं.

"राहू दे आता. उद्या करा."

"उद्या पुन्हा पहिल्यापासून भ्यायला लागेल," मास्तर म्हणाले. आपण हे मोठ्याने बोललो याचं त्यांना नवल वाटलं.

पट्टीला एका ओळीत सहा पाय. एका टोकाचा अधिक, दुसऱ्या टोकाचा वजा, मधले चार हुकमाचे. पट्टी मेजावर, छपाईची बाजू वर, कुणीही ठेवील तशी ठेवली. आकृती शेजारी ठेवली. डावं ते डावं, उजवं ते उजवं. छपाईत अधिक उजवीकडे होता, आकृतीत डावीकडे. मास्तर आकृतीप्रमाणे गेले. मग चार सेल घातले.

क्षणभर काही झालं नाही. मग पट्टीतून दोऱ्यासारखा बारीक धूर उठला आणि खोलीभर उग्र वास पसरला. मास्तरांनी सेल काढले आणि हात मांडीवर ठेवून बसून राहिले.

"जळली?" पद्मावतींनी विचारलं.

"जळली."

त्यांनी ती पट्टी सोडवून भिंगाखाली धरली, आणि बोटांच्या सवयीने उलटी केली. उलटी होताच आकृती जुळली. पाय न् पाय. डावीकडे अधिक, उजवीकडे वजा. अगदी पुस्तकातल्यासारखं.

त्या सवयीचं मूळ डिचोलीच्या बाजारातल्या एका खोपटात होतं. मास्तर कॉलेजात असताना सुट्टीत निवृत्ती नावाच्या रेडिओवाल्याकडे बसत. निवृत्ती कोल्हापूरकडचा. तो रेडिओ आला की आधी पालथा घालायचा. "वरून बघायचं ते गिऱ्हाइकानं," तो म्हणायचा, "आपण खालनं बघायचं. तारा खालीच असत्यात." रेडिओतल्या काचेच्या व्हॉल्व्हच्या पायांची आकृती त्या धंद्यात नेहमी खालून बघितल्यासारखी काढत. तसं कुठे लिहिलेलं नसे. दुकानात बसणाऱ्या प्रत्येकाला ते ठाऊकच असायचं. पन्नास वर्षं मास्तरांनी हातात आलेली प्रत्येक वस्तू आधी पालथी घातली होती, ही पट्टीसुद्धा. पालथी घालून जोडली, चालली, आणि दिसली तशी काढली. 'खालून पाहिल्यास' हे दोन शब्द लिहायचे राहिले. राहिले म्हणजे काय, ते लिहावे लागतात हेच कधी डोक्यात आलं नव्हतं. आणि वर तिला जे बरोबर दिसत होतं त्याच्यावर विसंबू नकोस, असं ठणकावून सांगितलं होतं.

ते सगळं मास्तरांनी पद्मावतींना सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "म्हणजे तुमी रांगोळी पाटाच्या खालसून काढलात."

"हो. तसंच."

"दुसरी पट्टी आसा मा? मगे लावा. जेवणाक उशीर झालो तरी चलात."

दुसरी पट्टी त्यांनी छपाई बघून जोडली. आता भीती जरा ओसरली होती. सेल घातले. रोबोच्या छातीतला दिवा लागला. मास्तरांनी त्याला मेजाच्या मध्यावर ठेवला. तो गुरगुरत, एका हाताने, थेट मेजाच्या कडेकडे निघाला. पद्मावतींनी ओचा सावरला आणि दोन्ही हात ओंजळीसारखे करून कडेखाली धरले. रोबोचं एक पाऊल कडेला आलं, थबकलं. आत काहीतरी टकटकलं. मग तो हळूहळू वळला आणि आला तसा परत चालायला लागला.

पद्मावतींनी ओंजळ तरीही तशीच धरून ठेवली होती. "पडाक नाय हो," त्या म्हणाल्या. "खराच पडाक नाय."

मास्तरांना आनंद व्हायला हवा होता. थोडा झालाही. पण त्याच्या आड एवढंच येत होतं, की ही पट्टी बदलायला तिला दहा मिनिटं लागली असती, आणि आपण अकरा महिने घेतले.

जेवण झाल्यावर ते पडले नाहीत. लिहायला बसले. चार वाजेपर्यंत सात पानं झाली. त्यात व्हॉल्व्हचा इतिहास आला, निवृत्तीचं दुकान आलं, आकृत्या काढायच्या जुन्या आणि नव्या पद्धती आल्या, मुद्रितं तपासणाऱ्याचा सल्ला आला, मोतीबिंदू आला. वाचून बघताना सहाव्या पानावर त्यांना स्वतःचीच दया यायला लागली, आणि ते थांबले.

पद्मावती मिरच्यांची देठं काढत बाजूला बसल्या होत्या. "झाला?"

"झालंय. पण बरोबर वाटत नाही. वाचून दाखवू?"

दुसरं पान संपायच्या आत पद्मावतींनी हात वर केला. "रवा. तिना काय इचारल्यान?"

"माझं काय चुकलं, एवढंच सांगा, म्हणून."

"मगे तिचा काय चुकला?"

मास्तरांनी पानं खाली ठेवली. "काही नाही."

"मगे ताच लिवा."

सात पानं बाजूला ठेवून मास्तरांनी नवीन कागद घेतला. या वेळी कच्चं लिहिलं नाही.

"विनिता यांस, नमस्कार. तुमचं काहीच चुकलं नाही. चूक माझी आहे. आकृती क्रमांक सात मी पट्टी पालथी घालून काढली आणि तसं लिहायचं राहिलं. पट्टीवरची छपाई बरोबर होती. तुम्हाला ती दिसली होती, मी तुम्हाला तिच्यावर विसंबू नका म्हणून सांगितलं. आज तुम्ही केलं तसंच मी करून पाहिलं, माझीही पट्टी जळली. दुसरी छपाईप्रमाणे जोडली. रोबो आता कडेवरून वळतो. बाकी सगळं काम तुमचंच आहे, मी एक टाकासुद्धा बदललेला नाही, कारण माझे टाके तुमच्याइतके चांगले येत नाहीत. उत्तराला अकरा महिने लागले ते कामामुळे नव्हे. मला भीती वाटली. सुदेश विचारतो आहे त्या वर्गाला हो म्हणा. पुस्तक पुन्हा छापायचं चाललं आहे. आकृत्या छापखान्यात जाण्याआधी तुम्ही एकदा करून बघाल का? तुम्ही बघेपर्यंत मी त्या देणार नाही. गोकुळदास."

वाचून दाखवल्यावर पद्मावतींनी फक्त मान हलवली आणि सुदेशला फोन लावून दिला. फोनवर बोलायचं मास्तरांच्या जिवावर यायचं. "सुदेश, तो जाणता माणूस म्हणजे मी," एवढं एका दमात बोलून त्यांनी फोन पत्नीच्या हातात दिला. पुढचं त्यांनीच सांगितलं: छपाई थांबव, म्हापशाच्या माणसाला इतक्यात बोलावू नकोस, आणि तिला तू काही सांगू नकोस, पत्र येतंय.

मंगळवारी सकाळी मास्तर एकटेच बसने डिचोलीला गेले. खोकं मांडीवर होतं. पद्मावती येते म्हणाल्या होत्या, पण त्यांनी नको म्हटलं. बसमध्ये त्यांना दोनदा वाटलं, की 'मला भीती वाटली' हे वाक्य काढायला हवं होतं. जुना विद्यार्थी वाचेल, लोक वाचतील, हसतील. स्टँडवर उतरल्यावर ते जरा वेळ बाकावर बसले. घोटे सुजले होते. समोरच परतीची बस उभी होती, आणि तिच्यात बसायला जागाही होती. कंडक्टर मुळगावचं नाव घेऊन ओरडत होता. मास्तर उठले आणि सावकाश पोस्टाकडे चालू लागले.

पोस्टात खिडकीवर भाग्यलक्ष्मी नावाच्या बाई होत्या, नाव समोरच्या पाटीवर होतं. पुढे चार माणसं. मास्तरांचा नंबर आला तेव्हा बाईंनी खोकं हातात घेऊन हलवलं.

"आत काय आहे, आजोबा?"

"रोबो."

"काय?"

"खेळणं." मागे उभा असलेला एकजण हसला. मास्तरांचे कान तापले. "एका बाईंचं आहे. दुरुस्तीला आलं होतं."

"दुरुस्तीला? तुमच्याकडे?" बाईंनी त्यांना चष्म्यावरून बघितलं. "आमच्या मुलाची गाडी आणून देऊ काय? नुसती गोल गोल फिरते."

"ती हरमलच्या बाईंकडे पाठवा," मास्तर म्हणाले. "त्यांना जास्त येतं."

"सेल काढलेत?"

"काढलेत. पत्र आतच आहे."

बाईंनी पत्ता वाचला, वजन केलं आणि मग खोकं उलटसुलट करून बघितलं. "पाठवणाऱ्याचं नाव कुठे आहे?"

मास्तरांनी बघितलं. खरंच नव्हतं. विसरलो, असं ते म्हणणार होते, पण ते विसरणं कितपत खरं होतं हे त्यांचं त्यांनाच सांगता येईना.

"नाव-गाव लागतं, आजोबा. नाहीतर समोरच्याने घेतलं नाही तर कुणाला परत करणार?"

समोरच्याने घेतलं नाही तर. हे मात्र त्यांच्या मनात आलंच नव्हतं. अकरा महिन्यांनी आलेलं खोकं ती कशाला घेईल? सुतळीने बांधलेलं पेन त्यांनी उचललं. सुतळी आखूड होती, वाकून लिहावं लागलं. नाव लिहिलं, घर लिहिलं, मुळगाव, डिचोली लिहिलं. अक्षर वेडंवाकडं आलं. त्यांनी ते पुन्हा गिरवलं नाही.

बाईंनी शिक्का मारला, पावती फाडून दिली आणि खोकं मागच्या पोत्यात टाकलं. पोत्यात आधीची पाकिटं होती, त्यामुळे फारसा आवाज झाला नाही.

"पुढचे या," त्या म्हणाल्या.